नव्या फोनसोबत चार्जर मिळत नसेल, तर काय पाहावे आणि काय घ्यावे

नाशिकमध्ये महात्मा गांधी रोडवर किंवा कॉलेज रोडवर फोन घ्यायला गेलेल्या ग्राहकाला आता दोन प्रश्न स्वतःहून विचारावे लागतात. फोनच्या खोक्यात चार्जर आहे का, हा पहिला. आणि नसल्यास घरातला जुना चार्जर या फोनला चालेल का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लगेच मिळते. दुसऱ्याचे उत्तर बहुतेक वेळा ‘टाइप-सी आहे, कोणताही लावा’ असे मिळते आणि ते अर्धेच खरे असते. पिन सगळीकडे सारखी झाली तरी फोन किती वेगाने चार्ज होणार हे अडॅप्टर, केबल आणि फोन या तिघांचे आपसांत किती जुळते यावर ठरते. हे जुळते की नाही हे कोणत्याही ग्राहकाला तपासता येते. त्यासाठी अडॅप्टरवरची बारीक अक्षरे वाचण्याची तयारी मात्र हवी.

पोर्ट का बदलले, हे आधी थोडक्यात पाहू. नोकियाची बारीक गोल पिन मागे पडली, त्यानंतर अँड्रॉइड फोनांवर मायक्रो यूएसबी स्थिरावली, आणि ॲपलने २०१२ मध्ये आयफोन ५ सोबत लाइटनिंग ही स्वतःची पिन आणली. टाइप-सीचे मानक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. युरोपीय संघाने २०२२ मध्ये कायदा करून २८ डिसेंबर २०२४ पासून तिथे विकले जाणारे नवे फोन, टॅबलेट, कॅमेरे, हेडफोन यांना टाइप-सी सक्तीचे केले आणि लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवली. ॲपलने मुदतीपूर्वीच, सप्टेंबर २०२३ मध्ये, आयफोन १५ ला टाइप-सी दिले. आणि युरोपसाठी एक व इतरांसाठी दुसरा असे वेगवेगळे फोन बनवणे कंपनीला परवडणारे नसल्यामुळे तोच बदल भारतातही आला. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने टाइप-सीचे भारतीय मानक प्रसिद्ध केल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले.

चार्जर खोक्यातून गेला तो मात्र त्याआधीच. ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या आयफोन १२ पासून ॲपलने अडॅप्टर देणे थांबवले आणि जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२१ च्या खोक्यातूनही तो गेला. ई-कचरा कमी करणे हे कारण दोघांनीही दिले. खोके लहान झाल्याने वाहतुकीच्या एका पॅलेटवर ७० टक्क्यांपर्यंत अधिक खोकी मावतात, असेही ॲपलने तेव्हा सांगितले होते. फेकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरांचा ई-कचरा युरोपात वर्षाला सुमारे ११,००० टन होतो, असा युरोपीय आयोगाचा अंदाज आहे, त्यामुळे कारण खोटे म्हणता येत नाही. तरीही ब्राझीलच्या सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये चार्जरविना आयफोन विकण्यास मनाई केली आणि ॲपलला सव्वा कोटी रियालच्या आसपास दंड केला. चार्जरविना विकलेली वस्तू अपुरी आहे, अशी त्या सरकारची भूमिका होती.

माझे मत या दोन टोकांच्या मधले आहे. ज्या घरात चांगले अडॅप्टर आधीच आहेत, त्या घरावर प्रत्येक फोनसोबत आणखी एक अडॅप्टर लादण्यात अर्थ नाही. परंतु चार्जर काढून घेताना किंमत तेवढीच ठेवणे आणि कोणता अडॅप्टर लागेल हे खोक्यावर ठळकपणे न सांगणे, हे ग्राहकाच्या दृष्टीने न्याय्य नाही. साधा फोन सोडून पहिल्यांदाच स्मार्टफोन घेणाऱ्या वयस्कर माणसाला किंवा मायक्रो यूएसबीवरून थेट टाइप-सीवर येणाऱ्या कुटुंबाला चार्जर हवाच असतो, आणि त्याला तो काउंटरवर, फरकाची किंमत स्पष्ट सांगून मिळाला पाहिजे. युरोपातील नियमाने यातील एक भाग चांगला सोडवला आहे. तिथे जो विक्रेता चार्जरसह फोन विकतो, त्याला तोच फोन चार्जरविना घेण्याचा पर्यायही द्यावा लागतो. खोक्यात चार्जर आहे की नाही याचे चित्र, तसेच फोनला किमान व कमाल किती वॉट लागतात याचे लेबलही तिथे बंधनकारक आहे. आपल्याकडे निदान असे लेबल तरी यायला हवे. ते येईपर्यंत ही माहिती ग्राहकालाच काढावी लागते.

दुकानात जाण्यापूर्वी घरचे अडॅप्टर वाचावेत

सर्वप्रथम घरातील सगळे अडॅप्टर एका जागी काढावेत. त्यातला एक हातात घेऊन ज्या बाजूवर छापील मजकूर आहे ती बाजू उजेडात धरावी. मजकूर फिकट राखाडी रंगात आणि तांदळाच्या दाण्याहून बारीक असतो, त्यामुळे फोनच्या कॅमेऱ्याने त्याचा फोटो काढून मोठा करून पाहणे सोयीचे पडते. वरच्या ओळीत ‘इनपुट’ असते आणि तिथे साधारणपणे १०० ते २४० व्होल्ट असे लिहिलेले असते. म्हणजे निफाड-दिंडोरीकडच्या मळ्यात रात्री व्होल्टेज उतरले तरी असा अडॅप्टर सहसा काम करत राहतो. आपल्या कामाची ओळ त्याखालची, ‘आउटपुट’ची.

जुन्या अडॅप्टरवर तिथे ५ व्होल्ट आणि २ अँपिअर एवढेच दिसेल. या दोन आकड्यांचा गुणाकार म्हणजे वॉट, म्हणून हा अडॅप्टर १० वॉटचा झाला. नव्या २५ वॉटच्या अडॅप्टरवर याहून लांब मजकूर असतो: ५ व्होल्ट ३ अँपिअर, ९ व्होल्ट २.७७ अँपिअर, आणि त्याखाली पीपीएस या अक्षरांपुढे ३.३ ते ५.९ व्होल्ट ३ अँपिअर किंवा ३.३ ते ११ व्होल्ट २.२५ अँपिअर. यातील पहिल्या दोन जोड्या पॉवर डिलिव्हरी या जलद चार्जिंगच्या सर्वमान्य पद्धतीच्या ठरलेल्या पायऱ्या आहेत. पीपीएस (प्रोग्रामेबल पॉवर सप्लाय) ही त्याच पद्धतीची पुढची सोय असून तिच्यात फोन बॅटरीच्या त्या क्षणीच्या गरजेप्रमाणे व्होल्टेज थोडे थोडे वाढवून किंवा कमी करून मागतो, त्यामुळे फोनच्या आत उष्णता कमी निर्माण होते. सॅमसंगच्या बऱ्याच फोनांना पूर्ण वेग मिळण्यासाठी पीपीएस लागते. आयफोनला साध्या पॉवर डिलिव्हरीवर चांगला वेग मिळतो. म्हणून दोन अडॅप्टरांवर २५ वॉट लिहिलेले असले तरी एकावर पीपीएस असेल आणि दुसऱ्यावर नसेल, तर एकाच फोनला ते वेगवेगळ्या वेगाने चार्ज करू शकतात.

येथे एक भीती दूर करणे आवश्यक आहे. जास्त वॉटचा अडॅप्टर लावला तर फोन जळेल, असे अनेक जण मानतात. टाइप-सीचा योग्य दर्जाचा अडॅप्टर प्रथम ५ व्होल्टच देतो आणि फोनने मागितल्याशिवाय व्होल्टेज वाढवत नाही, त्यामुळे लॅपटॉपचा ६५ वॉटचा चार्जर फोनला लावण्यात गैर काही नाही. ज्या अडॅप्टरला दोन-तीन पोर्ट आहेत, त्यात मात्र सगळे पोर्ट एकदम वापरले की वॉट वाटले जातात. ती वाटणी खोक्यावर दिलेली असते आणि घेण्यापूर्वी ती पाहावी.

आता गरजेचा विचार करावा. ५,००० मिलिअँपिअर-तासांची बॅटरी १० वॉटच्या अडॅप्टरवर पूर्ण भरायला साधारण अडीच ते तीन तास लागतात. जो माणूस रात्री फोन लावून सकाळी काढतो, त्याला जुना अडॅप्टर पुरतो, आणि केवळ नव्या फोनवर ‘४५ वॉट’ लिहिले आहे म्हणून त्याने वेगळा खर्च करण्याचे कारण नाही. सातपूर किंवा अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या, किंवा दिवसभर फोनवरून ऑर्डर घेऊन गाडी चालवणाऱ्या माणसाला जेवणाच्या सुटीतल्या अर्ध्या-पाऊण तासात बॅटरी भरून हवी असते. त्याने मात्र योग्य वॉटचा, पीपीएस असलेला अडॅप्टर घ्यावा. सध्याच्या घडीला नवा अडॅप्टर घ्यायचाच असेल तर टाइप-सी पोर्टचा, केबल वेगळी करता येणारा आणि पॉवर डिलिव्हरी व पीपीएस दोन्ही असलेला घ्यावा, कारण तो पुढचे दोन-तीन फोन सहज सांभाळतो. घरात अजून लाइटनिंगचा आयफोन असेल तर त्याच अडॅप्टरला टाइप-सी ते लाइटनिंग केबल लावून तोही चार्ज करता येतो.

काही कंपन्यांची चार्जिंगची पद्धत स्वतःची असते. ओप्पो आणि वनप्लसची सुपरव्हूक, विवोची फ्लॅशचार्ज, शाओमीची हायपरचार्ज ही त्याची उदाहरणे. ८० किंवा १२० वॉट असा जो आकडा जाहिरातीत असतो, तो त्या कंपनीचा अडॅप्टर आणि बहुतेक वेळा त्याच कंपनीची केबल, असे दोन्ही असतानाच मिळतो. दुसऱ्या चांगल्या अडॅप्टरवर हे फोन चार्ज होतात, पण बरेच हळू. या कंपन्या भारतात अनेक मॉडेलांसोबत चार्जर देतात. तसा फोन घेतल्यास खोक्यातला अडॅप्टर आणि केबल एकत्र बांधून ठेवावी; नातेवाइकाला तात्पुरती द्यायची झाल्यास दुसरी केबल द्यावी. मॉडेलागणिक यात फरक पडतो, त्यामुळे ‘अमुक कंपनी चार्जर देते’ या सर्वसाधारण माहितीवर अवलंबून न राहता आपण घेत असलेल्या मॉडेलच्या खोक्यावरची सामग्रीची यादी वाचावी.

केबलकडे दुर्लक्ष करू नये

चार्जिंग हळू होते अशी तक्रार असते तेव्हा लोक अडॅप्टर बदलतात, आणि दोष पुष्कळदा केबलमध्ये असतो. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली साधी केबल ३ अँपिअर, म्हणजे कमाल ६० वॉट वाहून नेते. त्यापुढे ५ अँपिअरसाठी केबलच्या टोकात एक लहान चिप असावी लागते. ती अडॅप्टरला केबलची क्षमता कळवते, आणि तिच्याशिवाय अडॅप्टर ३ अँपिअरच्या पुढे जात नाही. सॅमसंगचे ४५ वॉटचे चार्जिंग हवे असलेल्या ग्राहकाने म्हणूनच ५ अँपिअरची केबल मागून घ्यावी. फोटो आणि व्हिडिओ संगणकावर घेण्याचा वेग हा याहून वेगळा विषय आहे: आयफोन १५ आणि १६ च्या साध्या मॉडेलांचे पोर्ट टाइप-सी असले तरी त्यांचा वेग यूएसबी २ चाच, ४८० मेगाबिटचा आहे, आणि तिथे महागडी केबल घेऊनही काही फरक पडत नाही.

आणखी एक अडचण घरोघरी दिसते. दाढीचा ट्रिमर, टॉर्च किंवा लहान स्पीकर टाइप-सी पोर्टचा असतो, परंतु नव्या अडॅप्टरला टाइप-सी ते टाइप-सी केबलने जोडला की त्याचा दिवा लागतच नाही, आणि घरातली माणसे ती वस्तू बिघडली असे समजतात. प्रत्यक्षात टाइप-सी अडॅप्टर समोर खरोखर एखादे उपकरण आहे अशी खात्री होईपर्यंत वीज सोडतच नाही. ती खात्री पटवण्यासाठी उपकरणाच्या पोर्टमागे ५.१ किलोओहमचे दोन रोधक (रेझिस्टर) असावे लागतात आणि स्वस्त वस्तू बनवणारे ते वगळतात. जुन्या चौकोनी यूएसबी पोर्टचा अडॅप्टर मात्र ५ व्होल्ट कायम देत असतो, म्हणून तीच वस्तू जुन्या अडॅप्टरवर, एका टोकाला चौकोनी आणि दुसऱ्या टोकाला टाइप-सी असलेल्या केबलने व्यवस्थित चार्ज होते. त्यासाठी अशी एक केबल आणि एक जुना अडॅप्टर घरात अवश्य ठेवावा. मायक्रो यूएसबी केबलच्या टोकाला बसवायचे लहान टाइप-सी कनेक्टर मिळतात. अडीनडीला ते ठीक आहेत, पण ते सैल बसतात व गरम होतात, म्हणून रोजच्या रात्रभराच्या चार्जिंगला वापरू नयेत.

खरेदी करताना

अडॅप्टर ही २३० व्होल्टची वीज आणि आपला हात यांच्यामध्ये उभी असलेली वस्तू आहे, आणि तिच्यातील इन्सुलेशनवर शंभर-दोनशे रुपये वाचवणे योग्य नाही. मोबाइलच्या अडॅप्टरसाठी भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. अडॅप्टरवर मानकाच्या चिन्हाखाली ‘आर’ हे अक्षर आणि त्यापुढे आठ अंकी क्रमांक असतो. ब्युरोचे ‘बीआयएस केअर’ हे ॲप फोनवर घेऊन त्यातील आर-क्रमांक पडताळणीच्या रकान्यात हा क्रमांक टाकला की उत्पादकाचे नाव, उत्पादनाचा प्रकार आणि ब्रँड दिसतो. क्रमांक खरा असूनही तो भलत्याच कंपनीचा किंवा भलत्याच वस्तूचा निघाला, तर तो उचलून छापलेला आहे असे समजावे आणि तो अडॅप्टर परत द्यावा. ही तपासणी दुकानातच, पैसे देण्यापूर्वी करावी. तिला एक-दोन मिनिटे पुरतात आणि प्रामाणिक दुकानदार तिला हरकत घेत नाही.

वेष्टनावर कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता आणि ग्राहकसेवेचा संपर्क असणे कायद्याने आवश्यक आहे. पारदर्शक पिशवीत नुसताच ठेवलेला, ‘ओरिजनलच आहे, फक्त बॉक्स नाही’ असे सांगून दिला जाणारा अडॅप्टर घेऊ नये. रस्त्यावर मिळणाऱ्या ‘फर्स्ट कॉपी’ला तर हातही लावू नये. धातूच्या कडेच्या फोनला चार्जिंगच्या वेळी स्पर्श केल्यास हलक्या झिणझिण्या जाणवणे हे दोन पिनांच्या चांगल्या अडॅप्टरबाबतही घडू शकते, परंतु स्पष्ट झटका बसला, जळका वास आला किंवा अडॅप्टर हातात धरवणार नाही इतका तापला, तर तो त्याच क्षणी बंद करून वापरातून काढावा.

बिल पक्के घ्यावे आणि त्यात फोन व अडॅप्टर वेगवेगळ्या ओळींत लिहून घ्यावेत, म्हणजे अडॅप्टरची वॉरंटी पुढे नाकारली जाणार नाही. फोन चालू करून त्याच दुकानात नवा अडॅप्टर लावून पाहावा. बहुतेक फोन पडद्यावर जलद चार्जिंगची सूचना दाखवतात. ऑनलाइन खरेदी असेल तर खोक्यात काय काय आहे हे सांगणाऱ्या रकान्याचा स्क्रीनशॉट मागणी नोंदवतानाच काढून ठेवावा. तिथे चार्जर लिहिलेला असून खोक्यात निघाला नाही, तर हीच गोष्ट पुरावा ठरते. अशा वेळी आधी विक्रेत्याकडे लेखी तक्रार करावी, दाद न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंदवावी, आणि तरीही प्रश्न सुटला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर तिथे तक्रारीला शुल्क लागत नाही. खोक्यावर चार्जर नसल्याचे स्पष्ट लिहिलेले असेल, तर मात्र केवळ त्या कारणावरून तक्रार टिकणे कठीण आहे.

पोर्टची निगा

टाइप-सी पोर्टच्या मधोमध एक पातळ जीभ असते आणि तिच्यावरच सगळे संपर्क असतात. खिशातील धागे आणि धूळ केबल लावताना त्या जिभेच्या मागे दाबली जात राहते, आणि काही महिन्यांनी केबल पूर्ण आत न बसता सैल हलू लागते. पोर्ट खराब झाले असे समजून ते बदलण्यापूर्वी फोन बंद करावा, लाकडी टूथपिकचे टोक पोर्टच्या भिंतीलगत हलकेच फिरवावे आणि साचलेला कचरा बाहेर ओढावा. सुई, टाचणी किंवा कोणताही धातू आत घालू नये. द्राक्षबागायतदारांनी याची विशेष काळजी घ्यावी. भुरीसाठी गंधक धुरळताना किंवा मोरचूद-चुन्याचे बोर्डो मिश्रण फवारताना शर्टाच्या खिशातला फोन नेहमी उघडाच असतो, आणि त्याची भुकटी व तुषार पोर्टमध्ये जाऊन संपर्क गंजवतात. त्या कामाच्या वेळी फोन बंद पिशवीत ठेवावा किंवा पोर्टला रबरी बूच लावावे.

इगतपुरी-त्र्यंबकेश्वरच्या पावसात फोन भिजला आणि पडद्यावर ओलाव्याची सूचना आली, तर केबल लगेच काढावी. फोन पोर्ट खाली करून तळहातावर हलका आपटावा आणि वारा लागेल अशा जागी काही तास ठेवावा. तांदळाच्या डब्यात ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु त्याने तांदळाचे कण पोर्टमध्ये शिरतात. ॲपलनेही तसे करू नये असेच सांगितले आहे. ओल्या पोर्टला चार्जर लावला तर संपर्क गंजतात आणि मग पोर्ट बदलण्यावाचून उपाय राहत नाही.

जुन्या चार्जरांचे

घरातून अडॅप्टर गोळा केल्यावर काही नक्कीच नकोसे निघतील. चालू असलेला आणि आर-क्रमांक असलेला अडॅप्टर गरजूला द्यावा. सोबत त्याची केबलही द्यावी, नाहीतर घेणाऱ्याला पुन्हा खर्च पडतो. सोललेली केबल, सैल पिनांचा किंवा तडा गेलेला अडॅप्टर कोणालाही देऊ नये. असे सामान ओल्या-सुक्या कचऱ्यात मिसळून घंटागाडीत टाकू नये आणि तांब्यासाठी केबल जाळणाऱ्या भंगारवाल्यालाही देऊ नये. ई-कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार विकलेल्या मालाच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादक कंपनीवर आहे. म्हणून ज्या कंपनीचा चार्जर आहे तिच्या सेवा केंद्रात जमा करता येईल का, हे आधी विचारावे, आणि तोवर हे सामान घरात एका कोरड्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, लिथियम बॅटऱ्यांपासून वेगळे ठेवावे.